पायरॅड्स ४ वाचण्याआधी ती कॅप्सूल बघा

सांगलीजवळून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे वडील, अण्णा, वय ७४, निवृत्त शिक्षक. मधुमेह आटोक्यात आहे, नऊ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. लघवीच्या त्रासासाठी दोन वर्षांपासून टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली कॅप्सूल चालू आहे. कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, ६.१ होता. आता तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा केला, तर ८.४ आणि ८.६ आला. लघवीची कल्चर तपासणी स्वच्छ आहे. पोटाच्या सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, ७८ ग्रॅम दाखवली. मग मिरजेला एमआरआय झाला: प्रोस्टेट ६२ सीसी, डाव्या पेरिफेरल झोनमध्ये ११ मिलिमीटरची संशयास्पद जागा, पायरॅड्स (एमआरआयवरून कॅन्सरचा संशय १ ते ५ मध्ये मोजणारी श्रेणी) ४, उजव्या ट्रान्झिशन झोनमध्ये १४ मिलिमीटरची गाठ, पायरॅड्स ३. युरॉलॉजिस्टनी बायॉप्सी सांगितली. अण्णा म्हणतात, "सुई लागली की पसरतं, मला हात लावू नका." भाऊ म्हणतो, सहाचे आठ झाले, या वयात एवढं चालायचंच. ताईंचा प्रश्न असा, की हा रिपोर्ट नेमका वाचायचा कसा, आणि ७४व्या वर्षी या सगळ्याच्या मागे लागावं का?

ताई, तुम्ही एमआरआयबद्दल पानभर लिहिलंत आणि कॅप्सूलचा उल्लेख अर्ध्या ओळीत केलात. मी त्या अर्ध्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या भावाचं 'सहाचे आठ' हे गणित तिथेच चुकलं आहे.

ड्युटास्टेराइड हे औषध टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये होणारं रूपांतर रोखतं. प्रोस्टेट वाढते ती या दुसऱ्या संप्रेरकाच्या जोरावर. तो जोर कमी झाला की ग्रंथी हळूहळू आक्रसते आणि सहा महिने ते वर्षभरात रक्तातला पीएसए साधारण निम्म्यावर येतो. फिनास्टेराइड चालू असलेल्यांनाही हेच लागू. म्हणजे अण्णांचा ६.१ वर्षभरात तीनच्या आसपास उतरायला हवा होता, आणि आज तो ८.६ आहे. औषधाचा परिणाम बाजूला काढून जुन्या आकड्याशी तुलना करायची तर आजचा आकडा दुप्पट धरायचा, म्हणजे १७ च्या पुढे. तुमच्या भावाला दिसतात ते सहाचे आठ. मला दिसतात ते सहाचे सतरा.

जुन्या फायलीत बघा, कॅप्सूल सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एखादा पीएसए केलेला सापडतो का. या औषधावर असताना पीएसए जिथवर खाली गेला तो तळ, आणि तिथून वर चढलेला प्रत्येक आकडा, पुन्हा तपासून खरा ठरला तर गंभीरपणे घ्यायचा असतो. तो लॅबच्या 'नॉर्मल' रकान्यात बसत असला तरीही. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या एमआरआयच्या चिठ्ठ्यांवर पीएसए असतो, वय असतं, पण ही कॅप्सूल चालू आहे हे क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून मी पेशंटला टेबलावर घेण्याआधी स्वतः विचारतो. बऱ्याच जणांना औषधाचं नाव सांगता येत नाही. "रात्री जेवल्यावर लघवीची एक घेतो" एवढंच उत्तर येतं. मग घरी फोन लावून पट्टीवरचं नाव वाचून घ्यावं लागतं.

आणखी एक. कॅप्सूलमुळे कॅन्सर झाला असेल का, अशी शंका मनात आणू नका, आणि ती आपल्या मनाने बंदही करू नका. लघवी अडली तर नवीन संकट उभं राहील.

पीएसए हा फक्त कॅन्सरने तयार केलेला पदार्थ नाही. निरोगी प्रोस्टेटही तो बनवते, वीर्य पातळ व्हावं म्हणून. त्यातला थोडा रक्तात झिरपतो. वयाबरोबर ग्रंथी मोठी झाली, लघवीचा जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, ग्रंथीला सूज आली, तरी तो वाढतो. म्हणून एकट्या आकड्यावरून कुणी घाबरू नये, आणि आकडा दोनदा बघावा. अण्णांच्या बाबतीत तो दोनदा बघितला आहे आणि कल्चरही स्वच्छ आहे. युरॉलॉजिस्टनी ही पायरी नीट चढली आहे.

आता ६२ सीसी. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर पायरॅड्सवर जाते आणि ही ओळ मागे राहते. मोठ्या ग्रंथीतून जास्त पीएसए झिरपणार हे उघड आहे, म्हणून पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागायचं. याला पीएसए घनता म्हणतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ५.२, ४.६ आणि ५.० सेंटिमीटर अशी तीन मापं आहेत. त्यांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की ६२ येतात. स्वतः करून बघा. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचे ७८ ग्रॅम इथे वापरू नका. पोटावरून बघताना मूत्राशय किती भरलं आहे आणि यंत्र कोणत्या कोनात धरलं आहे यावर माप बदलतं, आणि मूत्राशयात घुसलेला प्रोस्टेटचा भाग कुणी धरतं, कुणी सोडतं. एक सीसी म्हणजे जवळपास एक ग्रॅम, तेव्हा दोन आकड्यांची तुलना होऊ शकते, पण विश्वास एमआरआयच्या मापावर ठेवायचा.

८.६ भागिले ६२ म्हणजे ०.१४. धोक्याची रेषा साधारण ०.१५ ला धरतात, तेव्हा हा आकडा काठावर, जरासा अलीकडे दिसतो. हाच हिशेब १७.२ धरून केला तर ०.२८ येतो. ०.१० च्या खाली असतो तेव्हा मला हायसं वाटतं, ०.२० च्या वर गेला की चित्र साधं दिसत असलं तरी मी पुन्हा पहिल्यापासून बघायला बसतो. इतकी वर्षं हे काम करून माझं ठाम मत झालं आहे, की वयस्क माणसाच्या एमआरआयमध्ये घनतेचा आकडा पायरॅड्सच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरात छापला पाहिजे.

मग चित्राचा दर्जा. प्रोस्टेटच्या एमआरआयचे तीन भाग असतात. पहिला टी-टू, म्हणजे ग्रंथीची रचना दाखवणारं तपशीलवार चित्र. दुसरा डिफ्युजन, म्हणजे ऊतींमधलं पाणी किती मोकळं फिरतं त्याचं चित्र. तिसरा, शिरेतून औषध देऊन घेतलेली झटपट चित्रं. हा तिसरा भाग न करताही चांगला एमआरआय होऊ शकतो, आणि आता बऱ्याच ठिकाणी तो गाळतात. किडनीच्या पेशंटना तर ते बरंच पडतं. पण डिफ्युजन बिघडलं तर सगळंच बिघडलं. प्रोस्टेटला लागूनच गुदाशय असतं. त्यात वायू भरलेला असला की नेमकी मागची कड, जिथे कॅन्सर सर्वांत जास्त होतो, वाकडीतिकडी होऊन जाते. खुब्याचा सांधा बदललेल्यांमध्ये धातूमुळे हाच त्रास होतो. अशा वेळी मी पेशंटला उठवून संडासला पाठवतो आणि तेवढा भाग पुन्हा घेतो. वीस मिनिटं जास्त जातात, बाहेर रांग खोळंबते, पण वाकड्या चित्रावर दिलेला पायरॅड्स कुणाच्याही कामाचा नसतो. तुमच्या रिपोर्टमध्ये 'डायग्नॉस्टिक क्वालिटी ॲडिक्वेट' असं लिहिलं आहे, ते चांगलं आहे.

प्रोस्टेटचा गाभा आणि बाहेरची कड असे दोन भाग मनात ठेवा. गाभा म्हणजे ट्रान्झिशन झोन. म्हातारपणी जी वाढते, लघवी अडवते, ती मुख्यतः हीच. एमआरआयमध्ये वाढलेला गाभा मला सीताफळ कापल्यासारखा दिसतो: लहानमोठ्या गोल गाठी, प्रत्येकीभोवती स्वतःचं वेष्टन. बाहेरची कड, पेरिफेरल झोन, मागून आणि बाजूंनी या गाभ्याला कवेत घेते. निरोगी असेल तर टी-टूवर ती पांढरी झळकते, कारण तिच्या नलिकांमध्ये द्रव भरलेला असतो. सत्तर-पंचाहत्तर टक्के कॅन्सर या कडेत होतात, उरलेले बहुतेक गाभ्यात.

म्हणूनच पायरॅड्सची पद्धत दोन्ही भागांना वेगळी मोजपट्टी लावते. ही पद्धत २०१२ मध्ये आली, आता वापरात आहे ती २०१९ ची २.१ आवृत्ती. कडेत डिफ्युजनला प्राधान्य, गाभ्यात टी-टूला. कारण समजायला सोपं आहे. कडेतल्या मोकळ्या नलिकांमध्ये पाण्याचे रेणू मैदानावरच्या पोरांसारखे हवे तसे पळतात. कॅन्सरमध्ये पेशी दाटीवाटीने भरतात आणि पाणी अडकून पडतं. आषाढीला पंढरपुरात महाद्वारापाशी माणसाला हात हलवायला जागा नसते, तसं. डिफ्युजनच्या एका चित्रात ही जागा पांढरी पेटलेली दिसते आणि त्याच्याच जोडीच्या एडीसी नावाच्या चित्रात त्याच ठिकाणी काळी. दोन्ही एकाच जागी जुळले, तर संशय खरा. गाभ्यात मात्र साध्या वाढीच्या गाठीही दाट असतात, डिफ्युजन तिथे हकनाक बोंब मारतं. तिथे मी गाठीची कड बघतो. वेष्टन पूर्ण असेल तर निश्चिंत. कोळशाने ओढून बोटाने फिसकटल्यासारखा, कडा नसलेला काळा डाग दिसला तर मात्र छातीत धस्स होतं.

अण्णांच्या रिपोर्टमध्ये डाव्या कडेच्या मध्यभागी, मागच्या-बाहेरच्या अंगाला ११ मिलिमीटरची जागा आहे, डिफ्युजनवर पांढरी, एडीसीवर काळी, ठळक. हे पायरॅड्स ४ चं पुस्तकी वर्णन आहे. दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असती, किंवा ग्रंथीबाहेर गेलेली स्पष्ट दिसली असती, तर ५ दिले असते. म्हणजे ४ आणि ५ मधला फरक बराचसा आकाराचा आहे. '४ म्हणजे कॅन्सरची चौथी स्टेज' असा समज करून घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, एक तर बायकोला न सांगता जमिनीची कागदपत्रं करून आले होते. स्टेजचा आणि याचा काही संबंध नाही.

मग ४ म्हणजे काय? अनेक देशांतल्या अभ्यासांची बेरीज केली तर साधारण असं दिसतं: लक्षणीय कॅन्सर, म्हणजे ज्याकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं ठरू शकतं असा, पायरॅड्स २ मध्ये शंभरात चार जणांना सापडतो, ३ मध्ये वीसजणांना, ४ मध्ये पन्नासहून थोड्या जास्त जणांना आणि ५ मध्ये नव्वदच्या जवळपास. तेव्हा ४ हा निदानाचा शिक्का नाही, पण निम्म्याहून जास्त शक्यता घेऊन स्वस्थ बसताही येत नाही. ही सरासरी आहे. त्यात अण्णांची ०.२८ घनता आणि औषधावर असताना चढलेला पीएसए मिळवला, तर माझ्या मते त्यांची शक्यता सरासरीच्या वरच आहे.

उजव्या गाभ्यातली १४ मिलिमीटरची पायरॅड्स ३ ची गाठ तुम्हाला जास्त छळते आहे, कारण ती मोठी आहे. तिच्यामुळे झोप घालवू नका. गाभ्यातल्या ३ मध्ये बहुतेक वेळा अर्धवट वेष्टनाची साधी वाढच निघते. बायॉप्सी होणारच असेल तर त्या गाठीतूनही दोन तुकडे घेता येतील. एकट्या तिच्यासाठी मी अण्णांना टेबलावर घेतलं नसतं.

'ॲब्युटिंग द कॅप्सूल' या ओळीवर तुम्ही तीन प्रश्नचिन्हं काढली आहेत. इथे कॅप्सूल म्हणजे औषधाची गोळी नव्हे. अर्थ एवढाच, की ती डावीकडची जागा ग्रंथीच्या बाहेरच्या वेष्टनाला टेकली आहे. टेकणं आणि फोडून बाहेर जाणं या दोन गोष्टी वेगळ्या. बाहेर गेल्याची लक्षणं आम्ही वेगळी शोधतो: वेष्टन फुगलेलं आणि खडबडीत दिसणं, गुदाशय आणि प्रोस्टेट यांच्यामधला कोन बुजणं, एका बाजूचा चेतातंतूंचा गुच्छ दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळा दिसणं. रिपोर्टमध्ये यातलं काही नाही. किती लांबीपर्यंत टेकली आहे तेही बघतात. ८ मिलिमीटर लिहिलं आहे, ही लांबी फार नाही. सूक्ष्म पातळीवर बाहेर गेलेलं एमआरआयला दिसत नाही, हे खरं आहे, पण आज त्याची चिंता करायची वेळ नाही. सेमिनल व्हेसिकल्स (प्रोस्टेटमागच्या वीर्याच्या पिशव्या), लसिका ग्रंथी आणि कंबरेची हाडं स्वच्छ आहेत, हेही वाचा. चांगल्या बातमीच्या ओळी माणसं वाचतच नाहीत.

चित्र फसवू शकतं का? फसवू शकतं, आणि मी स्वतः फसलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा एमआरआय माझ्याकडे आला. अर्धी ग्रंथी काळी, वेष्टन खडबडीत, डिफ्युजन पेटलेलं. मी पायरॅड्स ५ दिले, बाहेर पसरल्याची शक्यता लिहिली. घरात रडारड झाली. बायॉप्सीत निघाली ग्रॅन्युलोमाची, म्हणजे कॅन्सर नसलेली, सूज. त्यांना मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आधी बीसीजीचं औषध नळीने मूत्राशयात दिलं होतं, आणि त्यानंतर प्रोस्टेटला अशी सूज येते. चिठ्ठीवर ते लिहिलेलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. चूक माझीच. क्षयरोगही हुबेहूब असंच चित्र उभं करतो, आणि आपल्याकडे क्षय काही दुर्मीळ नाही. अण्णांना पूर्वी कधी टीबीचे उपचार झाले असतील, मूत्राशयात औषध दिलं असेल, किंवा एमआरआयच्या आधीच्या दोन महिन्यांत प्रोस्टेटची बायॉप्सी झाली असेल, तर रेडिऑलॉजिस्टला आजच कळवा. बायॉप्सीनंतर ग्रंथीत साचलेलं रक्तही चित्र बिघडवतं. आणखी एक फसवी जागा ग्रंथीच्या वरच्या टोकाला असते. तिथला सेंट्रल झोन निरोगी असूनही काळा दिसतो आणि नवशिक्या डोळ्यांना कॅन्सर वाटतो. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तो निसर्गाचाच आहे. अण्णांची जागा वरच्या टोकाला नसून ग्रंथीच्या मधल्या उंचीवर, कडेत आणि एकाच बाजूला आहे, म्हणून हा खुलासा त्यांना लागू पडत नाही.

याच्या उलटही होतं. एमआरआय स्वच्छ आला म्हणजे कॅन्सर नाहीच, असंही नसतं. ब्रिटनमधल्या प्रॉमिस नावाच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ५७६ पुरुषांच्या ग्रंथीतून दर ५ मिलिमीटरवर तुकडे घेऊन एमआरआय आणि नेहमीची बायॉप्सी या दोन्हींची परीक्षा घेतली. लक्षणीय कॅन्सर असलेल्यांपैकी एमआरआयने ९३ टक्के ओळखले, तर सोनोग्राफीच्या आधारे, जागा न ठरवता घेतलेल्या बारा तुकड्यांच्या बायॉप्सीने ४८ टक्के. म्हणजे एमआरआयही शंभरात सात सोडतो, पण त्याआधी आम्ही जे करत होतो ते जवळपास नाणेफेक होती. पुढच्या वर्षी प्रिसिजन नावाच्या ५०० पुरुषांच्या अभ्यासात आधी एमआरआय करून फक्त संशयाच्या जागेतून तुकडे घेतले, तेव्हा २८ टक्के लोकांची बायॉप्सीच टळली. तरी लक्षणीय कॅन्सर जास्त सापडले: ३८ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २६. निरुपद्रवी कॅन्सर सापडण्याचं प्रमाण २२ वरून ९ वर आलं. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

का, ते वयाशी जोडलेलं आहे. ऐंशीच्या आसपास दुसऱ्याच कारणाने गेलेल्या पुरुषांचं शवविच्छेदन केलं, तर निम्म्याच्या आसपास लोकांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडतात. त्यांना तो आयुष्यभर कळला नाही, त्याने काही केलंही नाही. असा कॅन्सर शोधून काढून माणसाला 'कॅन्सर पेशंट' बनवण्यात कुणाचंच भलं नाही. म्हणून भावाचं 'या वयात चालायचंच' हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. ते काही माणसांना अगदी लागू पडतं.

गेल्या वर्षी ८३ वर्षांचे एक आजोबा आले होते. पार्किन्सन्स, दोन माणसांनी धरून आणलेले. पीएसए ११. मुलगा हादरलेला. एमआरआयमध्ये प्रोस्टेट ११८ सीसी, गाभा गच्च भरलेला, एका ठिकाणी पायरॅड्स ३. कॅप्सूल कधीच घेतलेली नव्हती. ११ भागिले ११८ म्हणजे ०.०९. मी युरॉलॉजिस्टना फोन केला, दोघांचंही एकमत झालं: बायॉप्सी नको, सहा महिन्यांनी पीएसए, कंबर किंवा पाठ दुखू लागली तर लगेच सांगायचं. मुलाला ते पटायला वेळ लागला. त्यांचा पीएसए अण्णांच्या आकड्यापेक्षा जास्त होता, तरी सल्ला उलटा होता.

अण्णांचं तसं नाही. पंचाहत्तरीला टेकलेला, रोज चार किलोमीटर चालणारा, साखर आटोक्यात असलेला माणूस आणखी दहा वर्षं जगेल असं धरून चालणं वाजवी आहे. तेवढ्या काळात संथ कॅन्सर त्यांना गाठणार नाही, पण आक्रमक कॅन्सर गाठू शकतो, हाडांत उतरू शकतो, आणि प्रोस्टेटचा हाडांत उतरलेला कॅन्सर म्हातारपणी फार दुखवतो. दोन्हींपैकी अण्णांकडे कोणता आहे, किंवा मुळात कॅन्सर आहे का, हे एमआरआय सांगू शकत नाही. ते तुकडाच सांगेल. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, अण्णांची बायॉप्सी करावी.

कुणी म्हणेल, सुई नको, सरळ पीएसएमए पेट स्कॅन करू. तो स्कॅन उत्तम आहे, पण त्याची पाळी नंतरची. आक्रमक कॅन्सर ठरला तर शरीरात कुठे गेला आहे ते बघायला.

आता अण्णांची भीती. सुईने पसरतं, हे मी गेली कित्येक वर्षं गावोगावच्या माणसांकडून ऐकतो आणि त्यांना दोष देत नाही. सगळ्यांनी असा एखादा माणूस पाहिलेला असतो, जो बायॉप्सी झाली आणि चार महिन्यांत खालावला. तो खालावला कारण कॅन्सर आधीच पुढे गेला होता आणि बायॉप्सी उशिरा झाली. सुईच्या वाटेत प्रोस्टेटचा कॅन्सर रुजल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात आहेत, पण ती अत्यंत विरळ आहेत. जगभर वर्षाला लाखो पुरुषांची ही बायॉप्सी होते. अण्णांशी खोटं बोलू नका, 'कधीच होत नाही' असं म्हणू नका. जे आहे ते असंच सांगा. ते शिक्षक आहेत. एका कागदावर ६.१, त्याखाली ३, त्याखाली ८.६ लिहा आणि मधला तीन कुठून आला ते त्यांना समजावून सांगा. पुढचं गणित ते स्वतः करतील.

खरा धोका पसरण्याचा नसून जंतुसंसर्गाचा असतो. गुदाशयातून सुई घातली तर तिथले जंतू आत जाऊ शकतात, आणि आपल्याकडे नेहमीच्या अँटिबायॉटिकना दाद न देणारे जंतू खूप आहेत. मधुमेहींना तर जास्त जपावं लागतं. म्हणून शक्य असेल तिथे वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून केलेली बायॉप्सी निवडा. तिला ट्रान्सपेरिनियल म्हणतात. एमआरआयमधली जागा सोनोग्राफीच्या पडद्यावर जुळवून नेमके तिथूनच तुकडे घेण्याची सोय, म्हणजे फ्यूजन, आहे का तेही विचारा. त्यासाठी कागदी रिपोर्ट पुरत नाही, एमआरआयची सीडी न्यावी लागते. फिल्मचा मोठा लिफाफा घेऊन आणि सीडी घरी ठेवून आलेली माणसं परत पाठवावी लागतात, तेव्हा वाईट वाटतं.

अँजिओप्लास्टी झाली आहे म्हणजे ॲस्पिरिन चालू असणार. कमी मात्रेची ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवूनच बायॉप्सी करतात. सोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. बायॉप्सीनंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसतं, त्याने घाबरू नका. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी पूर्ण अडली, तर मात्र सकाळची वाट न बघता, त्याच रात्री, दवाखाना गाठा.

रिपोर्ट येईल त्यात कॅन्सर असलाच तर तो किती आक्रमक आहे हे सांगणारे ग्लीसनचे दोन आकडे असतील. ३+३ आले, तर बहुतेक वेळा उपचार न करता नजर ठेवायची: ठरावीक महिन्यांनी पीएसए, पुढे पुन्हा एमआरआय. ३+४ असेल तर किती तुकड्यांत, किती टक्के, यावर चर्चा करावी लागेल, आणि ७४ व्या वर्षी तिथेही काहींना थांबता येतं. ४+४ किंवा त्याहून वर आलं तर थांबू नका. किरणोपचार आणि हार्मोनची इंजेक्शनं मिळून अण्णांसारख्या माणसाला चांगली वर्षं मिळू शकतात; आणि त्या वेळी तुमच्या भावाने, पन्नाशी अजून आली नसली तरी, स्वतःच्या पीएसएबद्दलही डॉक्टरांशी बोलावं, कारण हा आजार वडिलांकडून मुलांत चालत येऊ शकतो. आणि तुकड्यांत काहीच निघालं नाही, तर लगेच पेढे वाटू नका. सुई त्या ११ मिलिमीटरच्या जागेत खरंच गेली होती का, हे युरॉलॉजिस्ट आणि रेडिऑलॉजिस्ट यांनी एकत्र बसून बघायला हवं. सूज निघाली, तर जागेचा खुलासा झाला. नुसतं 'साधी ऊती' असं निघालं, तर ठळक ४ चा खुलासा झालेला नाही, आणि तीन-चार महिन्यांनी पीएसए पुन्हा करून, तेव्हाही कॅप्सूल चालू असेल तर दुप्पट धरून, ठरवावं लागेल.

युरॉलॉजिस्टकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा सीडी, दोन वर्षांचे सगळे पीएसएचे कागद आणि चालू औषधांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घाला.